वाचकांचे प्रश्न : दिवसभर उन्हात, तरी हाडं का दुखतात?

मागच्या अंकात मी एका उत्तरात ‘रोज थोडा वेळ घराबाहेर काढत जा’ असं लिहिलं होतं. त्या एका ओळीवर बरीच पत्रं आली. काहींनी रागावूनच विचारलंय की खेड्यातल्या माणसाला हे सांगायची गरज काय, आम्ही तर बाहेरच असतो. राग समजण्यासारखा आहे. पण पत्रं एकापाठोपाठ एक वाचली तर दिसतं की गावात कोण बाहेर असतं, कोणत्या वेळी असतं आणि कशासाठी असतं, यात फार फरक आहे. त्या फरकावरच तब्येतीचं बरंचसं अवलंबून आहे. पत्रं थोडक्यात देते आहे. नावं कुणाचीच छापत नाही.

“मॅडम, आमचं वावर केळापूर तालुक्यात आहे. मी सकाळी आठले निघते ते दिवस बुडता घरी येते. निंदण, वेचा, सारंच. रातभर कंबर, टाचा अन् पिंढऱ्या ठणकतात. शहरातल्या डॉक्टरनं रक्त तपासून व्हिटॅमिन ‘डी’ कमी हाये म्हणून सांगितलं, अन् सकाळी फिरत जा म्हणे. उन्हात राबणाऱ्या बाईले डी कमी कसं? अन् आता फिराले केव्हा जाऊ?”

ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो एकट्या तुमचा नाही. बाजाराच्या दिवशी माझ्या दवाखान्यात कापूस वेचून आलेल्या बाया बसलेल्या असतात. त्यांचे कपडे बघा. लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत गुंड्या लावलेला. डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा, फक्त डोळे उघडे. कमरेला ओटी. पऱ्हाटीची बोंडं टोचतात, पानं ओरबाडतात, ऊन भाजतं, म्हणून हे सगळं लागतंच. पण ‘डी’ तयार होतं ते उघड्या कातडीत. उन्हातले ठरावीक किरण कातडीवर पडले की तिथे त्याची सुरुवात होते, पुढचं काम यकृत आणि मूत्रपिंड करतात. शर्टावर पडलेल्या उन्हाचा त्यासाठी काही उपयोग नाही. शिवाय आपली कातडी सावळी. ती उन्हापासून जपते, पण म्हणूनच तिला डी बनवायला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो.

दुसरं म्हणजे ‘कोवळ्या उन्हात डी मिळतं’ हा समज. कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, झोपेसाठीही चांगलं असतं, पण त्यात डी बनवणारे किरण फार थोडे असतात. सूर्य वर चढल्यावरच ते जमिनीपर्यंत नीट पोचतात. ओळखायची साधी खूण आपली सावली. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते ऊन डी साठी कामाचं. मे महिन्यात आपल्याकडे सकाळी नऊच्या सुमारासच सावली आखूड होते, त्यामुळे दुपारचं ऊन अंगावर घ्यायची अजिबात गरज नाही. डिसेंबरच्या शेवटी मात्र भर दुपारी बारालाही ती जवळजवळ आपल्या उंचीएवढीच असते. म्हणून हिवाळ्यात शिदोरी सोडायला धुऱ्यावर बसाल तेव्हा बाह्या कोपराच्या वर सारा, लुगडं पिंढरीपर्यंत घ्या आणि वीस-तीस मिनिटं तशाच बसा. आठवड्यातून तीन-चार दिवस एवढं झालं तरी चालेल. काचेच्या खिडकीतून येणारं ऊन यासाठी चालत नाही, काच ते किरण अडवते.

डॉक्टरांनी साठ हजार युनिटची पुडी दिली असेल तर सांगितलेल्या आठवड्यांइतकीच घ्या. बरं वाटलं म्हणून मेडिकलमधून आपल्या मनानं आणून वर्षभर घेणारी माणसं मी बघते. अंगात डी अती झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. सोबत जेवणात दूध, दही, ताक, तीळ, शेवग्याचा पाला असू द्या. डी असूनही कॅल्शियम पोटात गेलं नाही तर हाडाला काय मिळणार?

पण सगळं दुखणं डी वर टाकून मी मोकळी होणार नाही. तुम्ही केळापूरकडच्या, म्हणून विचारते : प्यायला पाणी बोअरचं आहे का? घरातल्या पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत का? मान किंवा पाठ वाकवताना आखडते का? यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नसावं. वर्षानुवर्षं तसं पाणी पोटात गेलं तर हाडं आणि सांधे ताठ होत जातात, आणि त्यावर ऊनही चालत नाही, पुडीही चालत नाही. पाणीच बदलावं लागतं. ग्रामपंचायतीकडून बोअरचं पाणी तपासून घ्या. आणि हिमोग्लोबिन. धाप लागत असेल, चार पावलांत थकवा येत असेल तर ते आधी बघा.

आता फिरण्याचं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम मेहनतीची हालचाल सांगते. तेवढी तुमची एका दिवसात होते. तुम्हाला आणखी चालायची गरज नाही. वाकून वाकून धरलेली कंबर सरळ करायची मात्र आहे. निंदताना एक तास झाला की उभ्या राहा, दोन्ही हात कमरेवर ठेवून हळूच मागे झुका, पाच-सहा वेळा. कापसाचं गाठोडं एका खेपेत आणण्यापेक्षा दोन खेपांत आणा.

आणि एक गोष्ट मी मुद्दाम लिहिते. २०१९ साली इंग्लंडमधल्या जवळपास वीस हजार लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन तास किंवा जास्त वेळ झाडापेडांत, मोकळ्या जागेत घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. ते दोन तास एकदम असोत की तुकड्यातुकड्यानं. त्यावरून कारण पक्कं सिद्ध होत नाही, हे खरं. पण तो वेळ मोकळा होता, कुणाची मजुरी करत घालवलेला नव्हता. तुमच्या दिवसात दहा तास बाहेरचे आहेत आणि त्यातला एकही तुमचा नाही. सांजच्याला सैपाकाच्या आधी अर्धा तास शेजारणींसोबत अंगणात नुसतं बसायला मिळालं पाहिजे. हातात निवडायला तूरही नको. घरातल्या माणसांनी हे पत्र वाचावं म्हणून लिहिते : त्या अर्ध्या तासात चहा दुसऱ्या कुणी मांडला तर घर बुडत नाही.

“माझा मुलगा नऊ वर्षांचा, हिंगणघाट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत. त्याला उणे दीडचा चष्मा लागला. आता बाहेर खेळवलं तर नंबर उतरेल का? धाकटी सहा वर्षांची आहे, तिला चष्मा लागू नये म्हणून काय करू?”

दादा, मोठ्याचा नंबर खेळून उतरणार नाही. तसं कुणी सांगत असेल तर ऐकू नका, आणि चष्मा काढून ठेवू नका. चष्मा लावल्यानं नंबर वाढतो हा गैरसमज आहे. सहा महिन्यांनी पुन्हा तपासा.

धाकटीसाठी मात्र तुम्ही खूप काही करू शकता. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळा घेतल्या. निम्म्या शाळांत पहिलीच्या पोरांना रोज चाळीस मिनिटांचा एक जादा तास दिला, तो वर्गाबाहेर घालवायचा. तीन वर्षांनी बघितलं तर नेहमीच्या शाळांत शंभरातल्या जवळपास चाळीस पोरांना दूरचं कमी दिसू लागलं होतं, बाहेर सोडलेल्यांत तीसएक. हा अभ्यास २०१५ साली छापून आला. तैवाननं तर २०१० पासूनच शाळांना रोज दोन तास पोरं बाहेर काढायला सांगितलं आहे.

यामागचं कारण उजेड. वर्गात ट्यूबलाइटखाली साधारण तीनशे ते पाचशे लक्स उजेड असतो. लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. भर उन्हात तो लाखापर्यंत जातो, आणि झाडाच्या सावलीतही हजारांत असतो. तेवढा उजेड पडला की डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं द्रव्य जास्त सुटतं आणि त्यामुळे डोळ्याचा गोळा लांबट होत जाण्याला आवर बसतो, असं शास्त्रज्ञ मानतात. तो गोळा लांबला की चष्मा लागतो. म्हणजे पोरीला उन्हात भाजायची गरज नाही, शाळेतल्या कडुनिंबाखालीही तिचं काम होतं. फक्त छपराखाली नको. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे तिला बजावून ठेवा.

शाळेत जाऊन गुरुजींशी बोला. मधली सुट्टी वर्गात डबे खाण्यात जाते, ती झाडाखाली जाऊ द्या. वाचनाचा एखादा तास पटांगणात घेता येतो. आणि घरी ट्युशन कमी करा. मी हे स्पष्ट लिहिते, कारण सहा वर्षांच्या पोरीला शाळा सुटल्याबरोबर दुसऱ्या खोलीत बसवून अंधार पडेपर्यंत पाढे घोकवणं मला अन्याय वाटतो. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ तिच्या लगोरीचा आहे. उन्हाळ्यात सकाळी सात ते नऊ आणि सायंकाळी साडेपाचनंतर.

“बाळंत होऊन बारा दिवस झाले. दर्यापूरजवळ माझं सासर. सव्वा महिना खोलीबाहेर पडायचं नाही, खिडकीला चादर, बाजेखाली शेगडी. मला सारखं रडू येतं. बाळ पिवळं दिसतं. सासूबाई म्हणतात सकाळच्या उन्हात धरलं की कावीळ जाते.”

बाई गं, आधी बाळ. आजच दवाखान्यात दाखव. दिवसाच्या उजेडात त्याच्या पायाच्या तळव्यावर बोट दाबून बघ. दाबलेली जागा पिवळी दिसत असेल, बाळ पीत नसेल, सुस्त असेल, किंवा शी पांढरट होत असेल, तर तासाचाही उशीर नको. बाळाला पहिल्या चोवीस तासांत आलेली आणि दोन आठवडे उलटूनही टिकलेली कावीळ नेहमीच तपासावी लागते. दवाखान्यातला निळा दिवा आणि अंगणातलं ऊन एक नव्हे. दिव्याची मात्रा मोजून दिलेली असते. उन्हात बाळ तापतं, थंडीत गारठतं, आणि ‘उन्हानं जाईल’ म्हणून वाट बघण्यात मोलाचे दिवस जातात. डी साठीही त्याला उन्हात धरायची गरज नाही. रोज चारशे युनिटचे थेंब पहिलं वर्षभर द्यायचे असतात, ते लिहून घे.

आता तू. खिडकीवरची चादर काढ. सासूबाईंना माझं नाव सांग. वारा लागेल म्हणून भीती असेल तर थेट झोताच्या बाजूला बाज नको, पण उजेड हवाच. शेगडीचा आणि ओव्याच्या धुरीचा धूर बाळाच्या फुप्फुसाला वाईट, तुझ्याही. ऊब कपड्यांनी आणि बाळाला छातीशी धरून द्यायची. रोज सकाळी ओसरीवर अर्धा तास बस, अंगणात चार फेऱ्या मार. बाळंतपणानंतर पडून राहिलं तर पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी व्हायचा धोका वाढतो, म्हणून हिंडतं-फिरतं राहणं हे औषध समज. सिझेरियन असेल तरीही, हळूहळू.

रडू येण्याबद्दल. पहिल्या आठवड्यात-दोन आठवड्यांत मन भरून येणं बहुतेकींना होतं. पण ते दोन आठवड्यांच्या पुढे गेलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, झोप मिळूनही झोप येईना, जिवाचं बरंवाईट मनात आलं, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. नुसत्या उजेडानं तो बरा होईल असं मी म्हणणार नाही. आशाताई तुझ्याकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायला हव्यात. घरी येऊन नवजात बाळ बघायची ही पद्धत आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सिद्ध करून दाखवली, मग ती देशभर गेली. त्या चौदाव्या दिवशी येतील तेव्हा बाळाचं वजन झाल्यावर हे स्वतःबद्दलचं सांग. सासूबाई समोर असल्या तरी सांग. त्यांनाही त्यांच्या वेळी कुणी विचारलं नसेल.

“मी भद्रावतीचा, निवृत्त एस.टी. कंडक्टर, वय एकाहत्तर. बीपीची गोळी चालू. रात्री तीनला जाग येते ती येते. दुपारी मात्र डोळा लागतो. सायंकाळी पाचला डांबरी रस्त्यानं फिरतो, उन्हाळ्यात पोरं नको म्हणतात. खिशात कांदा ठेवतो.”

काका, पोरांचं ऐका. कांदा भाकरीसोबत खाल्ला तर चांगलाच, पण खिशातला कांदा ऊन अडवत नाही. चंद्रपूरकडे पारा सत्तेचाळीसपर्यंत जातो आणि सायंकाळी पाचला हवा उतरली तरी डांबर उतरलेलं नसतं. ते दिवसभराची उष्णता परत सोडत असतं. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, त्यात अंगातलं पाणी आणि मीठ लवकर जातं. तुमची गोळी कोणती ते डॉक्टरांना विचारा. या वयात तहानही उशिरा लागते, म्हणून तहान लागायची वाट न बघता पाणी प्या.

एप्रिल-मेमध्ये वेळ बदला. पहाटे साडेपाचला मातीच्या रस्त्यानं, झाडं असलेल्या बाजूनं. यानं तुमच्या झोपेलाही मदत होऊ शकते. मेंदूत एक घड्याळ असतं आणि ते रोज सकाळच्या उजेडानं जुळवलं जातं. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं ते शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. सकाळी उघड्या आभाळाखाली अर्धा-पाऊण तास, चष्मा गडद नको. दुपारची डुलकी वीस मिनिटांवर जाऊ देऊ नका, आणि दुपारी घरातही अंधार करून बसू नका. दोन-तीन आठवडे नेमानं करा. तरीही तीनलाच जाग येत असेल तर लघवीसाठी उठता का, मनाला काही लागलंय का, हे बघावं लागेल.

सोबत्यांनाही सांगून ठेवा : उन्हातून आलेला माणूस बरळू लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. शुद्धीत असलेल्या, नुसत्या थकलेल्याला एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्या. चमचा लहान, चहाचा.

“मॅडम, मी एकोणीस वर्षांचा, आरमोरी तालुका. पोलीस भरतीची तयारी करतो. शिबिरात सिकलसेलची तपासणी झाली, कार्डावर ‘एएस’ लिहिलंय. मित्र म्हणतात पळू नको, मरशील. सोळाशे मीटर तर काढावंच लागते.”

तू पळ. सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. ‘एएस’ म्हणजे तू त्याचा वाहक आहेस, आजारी नाहीस. पण आधी एक खात्री कर. शिबिरातली पहिली चाचणी रक्तात सिकलसेल आहे एवढंच सांगते, वाहक की रुग्ण हे सांगत नाही. ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीत कळतं. ती झाली आहे का ते आरोग्य केंद्रात विचार. ‘एसएस’, म्हणजे रुग्ण, निघालं तर मैदानाचा निर्णय डॉक्टरांसोबतच घ्यायचा.

वाहकाला धोका असतो तो उन्हात, कोरड्या अंगानं, एकाएकी जीव तोडून पळण्याचा. म्हणून सराव महिनाभर हळूहळू वाढव. पहिल्याच आठवड्यात घड्याळ लावून सोळाशे काढायला जाऊ नको. निघण्याआधी आणि मध्येमध्ये पाणी. ताप, जुलाब असले तर त्या दिवशी सुट्टी. पळताना मांड्या-पिंढऱ्या अचानक गळाल्यासारख्या झाल्या तर तिथेच थांब आणि सोबत्याला सांग. भरतीच्या दिवशीसुद्धा. एकटा पळू नको. आणि पहाटे चारला महामार्गाच्या कडेनं अंधारात पळणारी पोरं बघून माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. फटफटल्यावर पळ, कानात काही घालू नको. लग्न ठरेल तेव्हा मुलीचीही सिकल तपासणी झालेली असू दे, कारण दोघंही वाहक असलात तर बाळाला हा आजार होऊ शकतो.

“फवारणीच्या दिवसांत सकाळी वावराच्या रस्त्यानं फिरावं का?” (दारव्हा)

नाही. शेजारच्या वावरात फवारा चालू असेल तर त्या बाजूनं जाऊच नका, लहान पोरांना तर मुळीच नेऊ नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो आजारी पडले, हे आपण बघितलं आहे. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली की औषध तोंडावरच उडतं. ते दिवस गावातल्या मंदिराच्या किंवा शाळेच्या पटांगणात फिरा. फवारणाऱ्यानं वाऱ्याकडे पाठ ठेवावी, तोंड-नाक, डोळे आणि हात झाकावेत, ओला झालेला कपडा अंगावर वाळू देऊ नये. डोळे चुरचुरणं, मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ, अंधूक दिसणं, यातलं काहीही झालं तर कपडे उतरवून साबणानं अंघोळ आणि लगेच दवाखाना. औषधाचा डबा सोबत न्या, म्हणजे कोणतं विष आहे ते डॉक्टरांना विचारत बसावं लागणार नाही.